टायर मोठे होते, पण धडक मागून बसली

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या थारला दोन इंचांचा लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा संच) बसवला आणि मूळच्या 245/75 आर 16 टायरऐवजी 285/75 आर 16 घातले. साडेचार महिन्यांपूर्वी ठोसेघरहून परतताना तासवडे टोलनाक्यावर रांगेत उभा असताना मागून ट्रकने धडक दिली. कुणाला इजा झाली नाही. गाडीचं मात्र 2 लाख 80 हजारांचं नुकसान आहे. 'वाहनात परवानगीशिवाय बदल' असं कारण देऊन विमा कंपनीने क्लेम नाकारला. गॅरेजवाला म्हणतो, जुने टायर चढवू, लिफ्ट काढू, नव्याने सर्व्हे मागू आणि मोठे टायर नव्हतेच असं सांगू. तसं करू का? आणि यापुढे मोठे टायर हवेच असतील तर किती मोठे चालतील?

उत्तर: पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ठामपणे देतो. तसं करू नका. तुमच्या पत्रासोबत आलेल्या सर्व्हेअरच्या फोटोत टायरच्या कडेवर 285/75 हे आकडे स्पष्ट वाचता येतात. ते फोटो कंपनीकडे आहेत. उद्या तुम्ही प्रतिज्ञापत्रावर 'टायर मूळचेच होते' म्हणालात, तर आज विम्यापुरता असलेला वाद खोट्या पुराव्याचा गुन्हा होऊन बसेल. तुमची बाजू मुळात चांगली आहे. ती स्वतःच्या हाताने बुडवू नका.

तुमची काळजी सगळी विमा कंपनीवर आहे, माझी मात्र तारखेवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तुमचे साडेचार महिने गेले. उरला दीड महिना. पुष्कळ लोकांना वाटतं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणजे मृत्यू आणि जखमींसाठीच. तसं नाही. दुसऱ्याच्या वाहनामुळे तुमच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी तिथे दावा लावता येतो. शिवाय अपघात सातारा जिल्ह्यात झाला म्हणून साताऱ्याला खेटे घालायचीही गरज नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो, म्हणजे तुम्हाला सांगलीतच तो दाखल करता येईल. ट्रकचा चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी या तिघांनाही सामील करा.

ट्रकच्या पॉलिसीची प्रत मात्र आधी मिळवा. व्यावसायिक वाहनाच्या पॉलिसीत तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. काही मालक हप्ता वाचवायला ते 6,000 रुपयांवर आणून ठेवतात. तसं असेल तर उरलेली रक्कम ट्रकमालकाकडूनच वसूल करावी लागेल, आणि ते आजच कळलेलं बरं. ट्रकच्या नंबरवरून विमा कंपनीचं नाव पोलिसांकडे मिळेल.

आता समोरचा वकील काय म्हणेल ते सांगतो. तो म्हणेल, 'गाडी उंच केली होती, मागचे दिवे आणि बंपर नेहमीच्या जागी नव्हते, म्हणून चालकाला अंदाज आला नाही.' याला सहभागी निष्काळजीपणाचा बचाव म्हणतात. तो लागू पडला तर तुमच्या भरपाईतला काही भाग कापला जातो. थारची स्टेपनी मागच्या दारावर असते. तुमची स्टेपनीही मोठी आहे. तिने ब्रेकलाइट किंवा नंबरप्लेट झाकली जाते का, हे अपघाताच्या दिवशीच्या फोटोंवरून आजच तपासा. झाकली जात नसेल तर हा बचाव फार टिकणार नाही. तुम्ही उभे होतात, तोही टोलनाक्याच्या रांगेत, जिथे प्रत्येक चालकाने थांबण्याच्या तयारीनेच यायचं असतं. टायर मूळचा 774 मिलिमीटर व्यासाचा असता काय आणि तुमचा 834 चा असता काय, मागच्या ट्रकचा ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही, यात फरक पडत नाही.

हाच मुद्दा तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीलाही लागू आहे. बदल कळवला नाही ही तुमची चूक, ती मान्य करा. पण त्या बदलाचा अपघाताशी संबंध काय, हे नकाराच्या पत्रात कुठेच नाही. अटींचा भंग झाला तरी संपूर्ण क्लेम उडवून न लावता तो 'नॉन-स्टँडर्ड' (अटींत पूर्ण न बसणारा) धरून 75 टक्क्यांपर्यंत द्यावा, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या अमलेंदु साहू प्रकरणात घेतली आहे. त्याचा आधार घेऊन आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, त्याला दोन वर्षं. एकच वाद दोन्हीकडे एकदम लावू नका. एका नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत, म्हणून विमा कंपनीकडे क्लेम चालू असल्याचं न्यायाधिकरणातल्या अर्जातही लिहा. लोकपालाचं वर्ष आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षं थांबू शकतात. न्यायाधिकरणाचा दीड महिना थांबणार नाही.

राहिला मोठ्या टायरचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. कलम 182-अ (4) मध्ये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. लिफ्ट आणि टायर हे दोन बदल धरले तर दंड दहा हजारांवर जातो. आरटीओच्या वायुवेग पथकाने अजून अडवलं नाही, याचा अर्थ परवानगी आहे असा नाही.

इथे मी एक फरक करतो. कलम 52 चं स्पष्टीकरण वाहनाच्या रचनेत होणाऱ्या आणि त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलणाऱ्या फेरफाराबद्दल बोलतं. लिफ्ट किट सस्पेन्शनची रचनाच बदलतो, त्याचा बचाव करणं अवघड आहे. टायरचं तसं नाही. याच गाडीच्या एका व्हेरिएंटला कंपनी 245/75 आर 16 देते, दुसऱ्याला 255/65 आर 18. म्हणजे सुमारे 774 आणि 789 मिलिमीटर व्यास, दोन्ही कंपनीचेच. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे टायर रिमसकट घातले तर ते माझ्या मते समर्थनीय आहे. त्यापुढे गेलात की तुमच्या हातात कागद उरत नाही. टायरच्या दुकानात 'व्यास तीन टक्क्यांपर्यंत वाढला तर चालतं' असं सांगतात. तो अंदाज उपयोगी आहे, पण तो कायदा नाही. तुमचे टायर जवळजवळ पावणेआठ टक्क्यांनी मोठे आहेत.

या आकड्यांना रस्त्यावर अर्थ आहे. काटा 80 दाखवत असेल तेव्हा तुमची गाडी 86 ने चाललेली असते. टायर जड झाले की ब्रेकवर भार वाढतो. रिम बाहेर काढून बसवले की चाक मडगार्डच्या बाहेर येतं आणि मागच्यावर खडे उडतात. पाटणच्या बाजूला पावसात चिखलातून जायला उंची हवीशी वाटते, हे मी समजू शकतो. पण तुमच्या टायरने गाडी फक्त 30 मिलिमीटरने उचलली. बाकीची उंची लिफ्टची आहे आणि कायद्यात तीच जास्त अडचणीची आहे. आरटीओत कुणी एजंट 'लिफ्ट पास करून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. इंधन बदलण्यासाठी, इंजिन बदलण्यासाठी परवानगीची वाट आहे. लिफ्ट किटसाठी तशी वाट नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी आहे तशी, सगळ्या बाजूंनी, टायरचे आकडे दिसतील असे फोटो काढा. अंदाजपत्रक, पंचनामा, नकाराचं पत्र, फास्टॅगचा त्या दिवसाचा व्यवहार आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत एका फाइलमध्ये लावा. अहवालाची प्रत कंपनीकडे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पंचनाम्यात टोलनाक्याच्या सीसीटीव्हीचा उल्लेख आहे. ते चित्रीकरण पोलिसांकडून घेताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही मागून घ्या. नुसता पेन ड्राइव्ह घेऊन आलात तर तो पुरावा म्हणून वाचलाच जाणार नाही. हे सगळं झाल्यावर दावा दाखल करा, आणि मग लिफ्ट काढून मूळचे टायर उघडपणे, बिलासकट बसवा. ते लपवण्यासाठी नाही, कायद्यात बसण्यासाठी आहे, असं कुणी विचारलं तर सांगता येईल.

तुमच्या दुसऱ्या फोटोत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलेलं आहे. त्यात पुढच्या चाकाजवळचा ब्रेकचा होज पाइप तारेसारखा ताणलेला दिसतो आणि एका जागी घासून चकचकीत झाला आहे. मी मेकॅनिक नाही, पण अपघाताच्या कागदांत अशा नळ्या मी पाहिल्या आहेत. ती नळी बदलल्याशिवाय गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर काढू नका आणि तोवर मुलांना तीत बसवू नका.