आयपीएमआयटूलने (सर्व्हर सांभाळायची कमांड) बीएमसीचा (सर्व्हरमधली स्वतंत्र देखरेख चिप) आयपी बदलला, पण ‘लॅन प्रिंट’मध्ये जुनाच दिसतो. असं का?

बहुतेक वेळा कारण एकच: पत्त्याचा स्रोत अजून डीएचसीपीवरच (नेटवर्ककडून आपोआप पत्ता घेणं) आहे. ‘लॅन प्रिंट १’ चालवून ‘आयपी ॲड्रेस सोर्स’ ही ओळ बघा. तिथे डीएचसीपी दिसत असेल, तर तुम्ही दिलेला पत्ता बीएमसी एकतर नाकारतो किंवा थोड्या वेळाने पुसून टाकतो. म्हणून आधी ‘लॅन सेट १ आयपीएसआरसी स्टॅटिक’ द्या, मग आयपीॲडर, नेटमास्क आणि शेवटी डीईएफजीडब्ल्यू आयपीॲडर (डिफॉल्ट गेटवे). नेटमास्क विसरणारे बरेच भेटतात, मीही त्यातलाच.

स्रोत स्टॅटिकच असेल तर चॅनल (कमांडमधला तो १, म्हणजे बीएमसीच्या जोडणीचा क्रमांक) तपासा. सगळीकडे तो १ नसतो, काही मशीनवर २ किंवा ८ असतो. ‘चॅनल इन्फो’ला एकेक आकडा देत जा, ‘८०२.३ लॅन’ दिसेल तो तुमचा.

बदल लागू व्हायला काही सेकंद लागतात, तेव्हा लगेच घाबरू नका. तरीही जुनाच पत्ता अडून बसला तर ‘एमसी रीसेट कोल्ड’. याने फक्त बीएमसी रीस्टार्ट होतो, सर्व्हर चालूच राहतो. मिनिट-दोन मिनिटं मात्र बीएमसी उत्तर देणार नाही.

आणि हो, हे सगळं त्याच सर्व्हरवरून, रूट म्हणून करा. नेटवर्कवरून केलंत तर पत्ता बदलताच तुमचं सेशन तुटेल. पोर्ट शेअर्ड असेल (सर्व्हर आणि बीएमसी एकच नेटवर्क पोर्ट वापरत असतील) तर पिंगही दुसऱ्या मशीनवरून करा, कारण सर्व्हरला स्वतःचाच बीएमसी अनेकदा दिसत नाही.