वाचकांचे प्रश्न : दुलईच्या भरावाचे उरलेले तुकडे

प्रश्न : मी घरीच दुलया आणि बाळांची दुपटी शिवून देते. दुकानात ज्याला वॅडिंग म्हणतात त्या भरावाच्या चार-सहा इंची पट्ट्या आणि बारीक तुकडे साठून आता एक पोते भरले आहे. त्यात काही सुती आहेत, काही पॉलिस्टरचे, आणि कोणते कोणते हे आता मलाही ओळखू येत नाही. पट्ट्या जोडून दुलईत वापरता येतील का? उरलेल्या चुऱ्याचे काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुकडा केवढा आहे हे नंतर पाहावे, तो कशाचा आहे हे आधी ठरवावे, कारण पुढचा सगळा उपयोग त्यावर अवलंबून आहे. शंका असलेल्या प्रत्येक पट्टीचा चिमूटभर धागा तोडून चिमट्यात धरावा आणि खाली पाण्याची ताटली ठेवून मेणबत्तीच्या ज्योतीला लावावा. सूत कागद जळाल्यासारखा वास देऊन जळते आणि त्याची करडी राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर आधी आक्रसते, मग वितळते आणि गार झाल्यावर त्याचा काळा, टणक मणी उरतो. राखेत टणक कण लागले तर तो भराव मिश्र आहे असे समजावे. बाजारात ८० टक्के सूत आणि २० टक्के पॉलिस्टर असा भरावही मिळतो, आणि हाताला तो निव्वळ सुतीच वाटतो.

पट्ट्या दुलईत जरूर वापरता येतात; मात्र एका जोडकामात एकाच जातीच्या आणि एकाच जाडीच्या पट्ट्या घ्याव्यात. न धुतलेला सुती भराव पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतो, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही, आणि म्हणून दोन्ही शेजारी शेजारी जोडले की सांध्याच्या एका बाजूला चुण्या पडतात. पट्ट्या एकमेकींवर चढवून शिवू नयेत, कारण तिथे उंचवटा येतो आणि तो वरच्या कापडातून दिसतो. सर्वांत सोपी रीत अशी की दोन पट्ट्यांचे काठ इंचभर एकमेकांवर ठेवून दोन्ही थरांतून एकदमच हलकी नागमोडी कापणी करावी आणि सुटलेल्या कातरणी बाजूला काढाव्यात. मग दोन्ही काठ एकमेकांत नेमके बसतात आणि नागमोडीमुळे दुलई सांध्याच्या रेषेवर दुमडत नाही. काठाला काठ भिडवून मशीनवर सर्वांत रुंद झिगझॅग मारावा. घरोघरच्या साध्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसतो. तिथे हाताने अर्ध्या इंचाच्या अंतराने तिरके टाके घालावेत आणि दोरा ओढून ताणू नये, कारण ताणलेल्या दोऱ्याने काठ उभे राहतात. पुढे दुलईवर धावदोरा घालताना त्याच्या ओळी सांध्याला समांतर न नेता सांधा ओलांडून न्याव्यात. गिऱ्हाइकाच्या पैशाच्या दुलईत असा जोडभराव घालायचा असेल तर त्याला आधी सांगावे. माझ्या मते तो घरच्या वापरासाठीच ठेवलेला बरा.

सुती पट्ट्यांचा मला सर्वांत आवडणारा उपयोग गरम भांड्याखालच्या गादीचा आहे. पांढऱ्या रश्श्याचे पातेले थेट शेगडीवरून ओट्यावर येते, त्यासाठी आठ-नऊ इंचांची, सुती भरावाच्या दोन थरांची, सुती कापडाची आणि सुती दोऱ्याने शिवलेली गादी उत्तम चालते. इथे पॉलिस्टर किंवा मिश्र भराव अजिबात घालू नये. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधीच मऊ पडून दबते. मोठ्या आचेवर राहिलेला रिकामा तवा त्या तापमानापर्यंत पोहोचू शकतो. गादी ओली असेल तर ती सुती असूनही हात भाजतो, हेही ध्यानात ठेवावे.

पॉलिस्टरचा चुरा उशीत जातो. तो कात्रीने चौकोनी कापून भरला तर उशीत गठळ्या होतात. त्याऐवजी बोटांनी ओढून विरळ करावा. आपण बाळांचे काम करता म्हणून एवढे सांगणे भाग आहे की एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी किंवा भरलेले मऊ खेळणे ठेवू नये. तेव्हा दुपट्यासोबत भेट म्हणून छोटी उशी देण्याचा मोह टाळावा. टाचणीची गादीही पॉलिस्टरचीच करावी. कापूस ओल धरतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की कापसात खुपसलेल्या सुया गंजतात. सुती चुरा मशीनपाशी एका डब्यात ठेवावा. तेल दिल्यावर एक तुकडा सुईखाली ठेवला तर जास्तीचे तेल तो टिपून घेतो. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून काहीजण असा भराव गच्चीवर ठेवतात. तसे कृपया करू नये, कारण लांब धागे पिलांच्या पायांत गुंततात.

प्रश्न : सुती भरावाच्या तुकड्यांच्या देवाच्या वाती करता येतील का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : करू नयेत. मिश्र भरावातले पॉलिस्टर ज्योतीत वितळते, आणि सुती म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भरावांतही तंतू धरून ठेवण्यासाठी चिकट द्रव्य किंवा कृत्रिम जाळी असते. वातीचा कापूस वेगळा आणावा.

प्रश्न : सासूबाईंच्या हातची वाकळ मधोमध झिजली आहे. तिच्यात असे तुकडे भरता येतील का?
– एक वाचक, कागल

उत्तर : आपल्या भागातल्या वाकळेत वेगळा भराव नसतो, जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर हाच तिचा भराव. त्यामुळे झिजलेल्या जागी जाड तुकडा घातला तर तिथे गाठ आल्यासारखे होते. पातळ सुती भराव घ्यावा, झिजेच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटे जास्त ठेवावा आणि त्याचा काठ कात्रीने न कापता बोटांनी ओढून विरळ करावा, म्हणजे तो जुन्या थरांत मिसळून जातो. वर मऊ सुती कापडाचे ठिगळ ठेवून बाहेरून आत येत बारीक धावदोरा घालावा. भिजलेली वाकळ फार जड होते आणि लांब टाके त्या वजनाने तुटतात. पॉलिस्टर मात्र घालू नये, कारण जुन्या लुगड्याची वीण सैल झालेली असते आणि त्याचे तंतू तिच्यातून वर येत राहतात. शिवण्याआधी वाकळ धुऊन दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवावी लागते, तेव्हा हे काम पावसाळ्यात न काढता दसऱ्यानंतरच्या उन्हात काढावे.