विरोधाभास, व्याघात आणि ‘म्हणे’

प्रश्न असा आहे: दोन ठिकाणांहून आलेली माहिती परस्परांना छेद देत असेल, तर त्याला ‘विरोधाभास’ म्हणावे का? आणि अशा माहितीवरून तर्क करणाऱ्या ‘पॅराकन्सिस्टंट लॉजिक’ला मराठीत काय म्हणता येईल?

विरोधाभास नको. त्यात ‘आभास’ आहे. विरोध दिसतो, पण अर्थ उलगडला की मावळतो. एक सेन्सर ‘दार उघडे’ सांगतो आणि दुसरा ‘उघडे नाही’, तेव्हा विरोध खराखुरा असतो. त्याला तर्कशास्त्रातला शब्द ‘व्याघात’. ‘वदतो व्याघात’ मात्र इथे बसत नाही, कारण तो एकाच बोलणाऱ्याने स्वतःला खोडून काढण्याचा दोष. इथे बोलणारे दोन, आणि प्रत्येकाचे म्हणणे आपापल्यापुरते सुसंगत. दोन्ही विधाने एकत्र ठेवली की त्या साठ्यात येते ती ‘विसंगती’.

एवढी काटेकोर निवड कशासाठी? कारण नेहमीच्या तर्कशास्त्रात व्याघातातून वाटेल ते सिद्ध होते. ‘दार उघडे आहे’ मान्य, म्हणून ‘दार उघडे आहे किंवा चंद्र चौकोनी आहे’ हेही मान्य. आता दुसरा सेन्सर म्हणतो, उघडे नाही. मग उरतो चौकोनी चंद्र.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ नूएल बेल्नॅप यांनी १९७७ साली यावर चार मूल्यांची पद्धत मांडली: खरे, खोटे, दोन्ही, कोणतेच नाही. ही मूल्ये वस्तुस्थितीची नाहीत, संगणकाला काय सांगितले गेले आहे त्याची आहेत. इंग्रजीत हे समजावायला वाक्ये खर्ची पडतात. आपल्याकडे एक ‘म्हणे’ पुरतो. दार उघडे आहे म्हणे. उघडे नाही म्हणे. दोन्ही नोंदी शेजारी राहतात. ‘उघडे’ला ‘दोन्ही’ हे मूल्य मिळाले की ‘किंवा’चे वाक्य त्याच्याच बळावर टिकते, चंद्राला त्यातून आधार मिळत नाही. ‘म्हणे’त सांगणाऱ्यावर अविश्वासच असतो असे नाही, सांगीव माहितीची ती साधी खूण आहे. या अर्थाने तो मला फार मोलाचा शब्द वाटतो.

राहिले नाव. ‘पॅराकन्सिस्टंट’ हा शब्द पेरूचे तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को मिरो केसादा यांनी १९७६ मध्ये सुचवला. मी ‘विसंगतिसह तर्कशास्त्र’ म्हणेन, ‘अग्निसह’ विटेप्रमाणे: विसंगती सोसणारे, तिने कोसळून न पडणारे. ‘सह’चा ‘सोबत’ हा अर्थही इथे आड येत नाही. समासात ‘ति’ ऱ्हस्वच लिहावा. सुटा शब्द मात्र ‘विसंगती’.