गाईडचा एच-इंडेक्स १९ आहे. कॅटॅलिसिसमध्ये पीएचडीसाठी चालेल का?

चालेल. १९ चा अर्थ एवढाच की त्यांच्या एकोणीस पेपरांना प्रत्येकी निदान एकोणीस साइटेशन, म्हणजे इतर पेपरांत उल्लेख, आहेत. ही मोजपट्टी २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढली आणि आम्ही केमिस्ट्रीवाले तिच्याखाली भरडले जातोय.

माझी एक नोकरी या आकड्याने घालवली, म्हणून सविस्तर लिहितेय.

२००३ च्या सुमाराची गोष्ट. लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हायड्रोजन घालून नायट्रो संयुगाचं अमाइन करायला आमचा पाच टक्के पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम धातू) हा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, लावला होता. लॅबमध्ये तोच कॅटॅलिस्ट बारा-बारा वेळा चालायचा. प्लांटमध्ये तिसऱ्याच बॅचला हायड्रोजन घेणं बंद, म्हणजे रिअ‍ॅक्शन ठप्प. चार महिने मी चिपळूणच्या एका लॉजवर मुक्काम ठोकून होते. पॅलेडियम धुऊन जातंय का बघितलं, ढवळणी बदलली, कार्बनच्या पुरवठादाराशी भांडले. शेवटी रात्रपाळीचा ऑपरेटर चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, ताजं मेथॅनॉल भरलं की बॅच पळते बघा."

झालं! रिकव्हर केलेलं मेथॅनॉल ज्या टाकीत साठवत, तिच्यात आधी गंधकाचं एक संयुग असायचं. उरलं होतं ते काही पीपीएमच (दहा लाखांत काही भाग), पण पॅलेडियमचा जीव घ्यायला तेवढं पुरतं. आम्ही लॅबमध्ये सीलबंद बाटलीतलं मेथॅनॉल वापरणारे, आम्हाला हे दिसणार कुठून? मग ते मेथॅनॉल आधी निकामी रॅने निकेलवरून (निकेलचा सच्छिद्र कॅटॅलिस्ट) फिरवायला लावलं. गंधक निकेलने खाल्लं, आमचा कॅटॅलिस्ट वाचला.

गोपनीयतेचा करार होता, त्यामुळे यातलं एक अक्षर छापता आलं नाही. २००८ च्या मुलाखतीत समितीतल्या एका प्राध्यापकांनी माझा बायोडेटा दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाले, "इंडेक्स सात? इम्पॅक्ट कुठे दिसत नाही." जागा मिळाली साठ पेपरवाल्याला. त्याच्या बहुतेक पेपरांत एकच आलेख: कॅटॅलिस्ट पाचदा वापरला, तरी रूपांतरण (कच्चा माल किती बदलला ते) ९८ टक्के. अहो, अर्ध्या तासात संपणारी रिअ‍ॅक्शन सहा तास चालवलीत तर अर्धा कॅटॅलिस्ट मेला तरी ९८ च येणार! रूपांतरण वीस-तीस टक्क्यांवर असताना दर वेळचा वेग मोजा, मग कळेल किती जिवंत आहे ते.

आणि इम्पॅक्ट म्हणाल तर पॅलेडियम वापरून कार्बनला कार्बन जोडणाऱ्या 'हेक रिअ‍ॅक्शन'वाल्या रिचर्ड हेकचं बघा. पॅलेडियमवरचे त्याचे पहिले सात पेपर १९६८ साली एकट्याच्या नावावर आले, तेही हर्क्युलिस या रसायन कंपनीत असताना. पुढे संशोधनाला पैसे मिळेनात म्हणून १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातून तो निवृत्त झाला. नोबेल मिळालं २०१० ला. मधल्या काळात त्याचा इंडेक्स मोजून कोणाला काय कळलं असतं? (जपानच्या मिझोरोकीने जवळपास तीच रिअ‍ॅक्शन १९७१ मध्ये, हेकच्या १९७२ च्या पेपरआधी छापली होती. तो १९८० मध्येच वारला.) आपल्या पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉल रत्नसामींच्या गटाने केलेलं एन्सिलाइट झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा कॅटॅलिस्ट) बडोद्याला आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या झायलीन प्लांटमध्ये चाललं. तिथे ते किती टिकलं, हे साइटेशन मोजून कळत नाही.

माझा स्वतःचा सर्वाधिक साइटेशनवाला पेपर कोणता, माहितीये? दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवड्यांत उरकलेला एक रिव्ह्यू. त्यात माझा एकही प्रयोग नाही.

तेव्हा गाईडला भेटाल तेव्हा आकडा विचारू नका. रिसायकलचा (कॅटॅलिस्ट पुन्हा पुन्हा वापरल्याचा) आलेख किती रूपांतरणावर काढता, आणि रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर असताना कॅटॅलिस्ट गरमच गाळून काढला तर ती पुढे चालते का ते बघता का, एवढं विचारा. गाळल्यावरही चालत राहिली, तर काम द्रावणात उतरलेला धातू करतोय आणि कॅटॅलिस्ट म्हणून घातलेली तुमची ती नॅनो पावडर नुसती शोभेला आहे.

आता खरं सांगायचं तर अगदीच पेपर नसलेला गाईडही धरू नका, पोस्टडॉकचा अर्ज करताना आकडा तुमच्याही मानगुटीवर बसणारच. आणि तो साठ पेपरवाला शिकवतो छान, असं माझ्याच एका विद्यार्थिनीने सांगितलंय. आलेख मात्र अजून तसेच काढतो.