लातूरला पाऊस पडला की जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० सकाळी लवकर सुरू होत नाही, प्लग बदलू का?

आधी प्लग नको, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅप-रोटर, म्हणजे वरचं झाकण आणि आतला फिरणारा तुकडा, बदला. परभणीत आमच्या गॅरेजवर दर पावसाळ्यात हेच दुखणं येतं: वायरींचं रबर इंजिनच्या उष्णतेने तडकलेलं असतं, भेगांत ओल शिरली की करंट प्लगपर्यंत न जाता इंजिनच्या बॉडीत उतरतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. करंट गळत असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील (हात लावू नका, झटका जबर बसतो). कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर घासत बसू नका, फेकाच. वायरी एकेक करून बदला, क्रम चुकला तर गाडी फटाके फोडते. कोरड्या दिवशीही अडत असेल तर मात्र आधी बॅटरी बघा.