ब्लर रिडक्शन चालू केलं की डोकं का दुखतं?

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर, त्यावर ब्लर रिडक्शन (सरकतं चित्र पुसट होऊ नये म्हणून दिलेली सोय) चालू केलं, सरकतं चित्र स्पष्ट झालं, पण अर्ध्या तासात डोकं धरतं. लुकलुक तर दिसत नाही, मग हे मनाचे खेळ आहेत का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाहीत.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, दिवसभर मराठी-गुजराती मजकूर जुळवतो. जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर पान भराभर वर सरकवलं की सगळ्यात आधी अनुस्वार नाहीसे होतात, मग शिरोरेषा पसरून जाड पट्टा होतो. काने तेवढे टिकतात, कारण ते सरकण्याच्या दिशेनेच उभे असतात. हे फरफटणं पडद्यावर नसतं, आपल्या डोळ्यात असतं. पडदा प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी धरून ठेवतो, नजर मात्र अक्षरामागे सरकतच राहते. सेकंदाला १००० पिक्सेलच्या वेगात ते चित्र डोळ्याच्या पडद्यावर १७ पिक्सेल फासलं जातं. १४४ हर्ट्झवर ७. खोक्यावरचं '१ मिलिसेकंद' म्हणजे बहुधा पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, त्याने हे जात नाही.

ब्लर रिडक्शनमध्ये मागचा दिवा प्रत्येक चित्राला एक-दोन मिलिसेकंदच पेटतो, बाकी वेळ अंधार. नजरेला फासायला वेळच मिळत नाही. पण त्या बदल्यात तुमच्यासमोर सेकंदाला १४४ वेळा उघडझाप चालू असते.

स्थिर नजरेला साधारण ५० ते ९० हर्ट्झच्या पुढची उघडझाप कळत नाही हे खरं. उजेड वाढवला की ही मर्यादा वर सरकते, हे फेरी या संशोधकाने १८९२ मध्ये आणि पोर्टर या संशोधकाने १९०२ मध्ये दाखवलं. पण वाचताना नजर स्थिर नसते, ती उड्या मारते, आणि दिसली नाही तरी उघडझाप त्रास देऊ शकते. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये ऑफिसातल्या ट्यूबलाइटवर अभ्यास झाला. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या जुन्या चोकऐवजी खूप वरच्या वारंवारतेचे चोक लावले, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. आमच्या माजघरातही तसलीच चोकवाली ट्यूब होती. पंखा बंद केला की थांबता थांबता पाती क्षणभर उलटी फिरताना दिसायची. ती लुकलुक कुणालाच दिसत नव्हती, पण होती.

तुमच्या मॉनिटरचंही तपासा. खोलीत अंधार करा, पडद्यावर पांढरं कोरं पान उघडा आणि पेन्सिल पुढे झपझप हलवा. एकसंध करडा पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर उघडझाप आहे. ब्लर रिडक्शन बंद करूनही पुन्हा बघा, ब्राइटनेस कमी ठेवून. काही मॉनिटर उजेड कमी करायलाही दिवा उघडझापच करतात. तसं निघालं तर ब्राइटनेस चढा ठेवा आणि खोलीत दिवा लावा.

वाचायला, टाइप करायला ब्लर रिडक्शन बंदच ठेवा, नुसते १४४ हर्ट्झ पुरेसे आहेत. वेगवान गेमला लावायचं असेल तर गेमचे फ्रेम (गेम सेकंदाला किती नवी चित्रं देतो ते) १४४ वर टिकतात का पाहा. ते ७२ वर आले तर एकच चित्र दोनदा चमकतं आणि कडा दुहेरी दिसतात. बंद करूनही आठवडाभर डोकं दुखत राहिलं तर मॉनिटर सोडा, डोळे तपासून घ्या.