गोव्यातल्या महागड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये काय खायचं ते शेफवर सोपवावं का?

जरूर सोपवा, फक्त मासळीसाठी जात असाल तर जून-जुलै टाळा. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि अशा जेवणाची खरी मजा त्या दिवशीच्या ताज्या मासळीत आहे.

शाकाहारी असाल तर टेबल बुक करतानाच सांगा आणि चीजबद्दल मुद्दाम विचारा. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, घालून बनवतात. आपल्याकडे कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, म्हणून कळकळीने सांगतोय. अ‍ॅलर्जीही तेव्हाच सांगा.

इटालियन क्रमात पास्त्यानंतर मासे किंवा मांस येतं, तेव्हा सुरुवातीच्या ब्रेडवर पोट भरू नका. माणशी दर किती, त्यात वाइन धरली आहे का, हे आधी विचारण्यात संकोच कसला?